सरवा वेचणाऱ्या : एका जुन्या चित्रासह रूथचा दुसरा अध्याय

शास्त्रपाठ : रूथ २:१-२३. सोबत वाचावे : लेवीय १९:९-१०, २३:२२, अनुवाद २४:१९-२२.



या पाठाला बसताना पवित्र शास्त्राबरोबर एक चित्रही डोळ्यांसमोर आणावे, अशी आपणांस विनंती आहे. चित्र लहानसेच आहे. उंची सुमारे १९ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे २५. त्यात रंग मुळीच नाही. झां फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराने ते १८५५-५६ मध्ये धातूच्या पत्र्यावर रेखाटले. कापणी होऊन गेलेले विस्तीर्ण शेत, दूर क्षितिजाशी धान्याच्या गंजी, आणि अगदी पुढे तीन स्त्रिया. दोघी कमरेत पूर्ण वाकून जमिनीवरचे काही उचलीत आहेत. तिसरी अर्धवट वाकलेली आहे, जणू पाठ क्षणभर सरळ करून पुन्हा वाकणार आहे. कोणी बोलत नाही, कोणी आपल्याकडे पाहत नाही. चित्राच्या फ्रेंच नावासाठी मराठीत दोन शब्द पुरतात : सरवा वेचणाऱ्या.

‘सरवा’ हा शब्द आपल्या शहरी मुलांना आता समजावून सांगावा लागतो. सुगी झाल्यावर शेतात चुकून राहिलेली कणसे, ओंब्या, शेंगा, म्हणजे सरवा. आपल्यापैकी पुष्कळांना तो शेतातून नव्हे, तर रूथच्या पुस्तकातूनच ठाऊक झाला असेल. परंतु ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना तो पाठीच्या दुखण्यासकट आठवेल.

हे चित्र ज्या रीतीने तयार झाले ती थोडी समजून घेतली पाहिजे. या कलेला मराठीत अम्लरेखन म्हणतात. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतात. त्या थरावर टोकदार सुईने चित्र काढतात; सुई जेथे फिरते तेथे मेण निघून धातू उघडा पडतो. मग पत्रा अम्लात बुडवितात. जेथे मेण शाबूत आहे तेथे अम्लाचे काही चालत नाही. जेथे धातू उघडा आहे तेथे ते खात जाते आणि खाच पाडते. जितका वेळ अधिक, तितकी रेघ खोल. नंतर मेण काढून पत्र्याला शाई फासतात, वरची शाई पुसून घेतात, आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढतात. खाचांत उरलेली शाई कागदावर उठते. म्हणजे चित्रात दिसते ते सारे पुसून टाकल्यावर उरलेले असते. सरव्याचे चित्र काढण्यास याहून शोभणारी रीत सापडली नसती, असे मला अनेकदा वाटते. पण मिलेने ती या विचाराने निवडली असे मी म्हणणार नाही. त्याने त्याच सुमारास अशी आणखीही चित्रे केली : जमीन खणणारे दोन मजूर, लोणी काढणारी बाई, रात्री दिव्यापाशी काम करणाऱ्या स्त्रिया. अशा चित्राच्या अनेक प्रती निघत आणि रंगचित्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांच्या घरीही त्या जाऊ शकत, हे त्यामागचे साधे व्यावहारिक कारण.

मिलेचा जन्म ४ ऑक्टोबर १८१४ रोजी नॉर्मंडीतील ग्रुशी नावाच्या समुद्राकाठच्या वाडीत, शेतकऱ्याच्या घरी झाला. घरातील आजी अत्यंत धर्मनिष्ठ होती, आणि मुलाच्या हाती पवित्र शास्त्र लहानपणीच आले. तरुणपणी त्याने स्वतः नांगर धरला होता. १८४९ साली तो पॅरिस सोडून बार्बिझों या खेड्यात राहावयास गेला आणि १८७५ च्या जानेवारीत तेथेच मरण पावला. खेड्यालगत शायीचे सपाट, मोठ्या जमीनदारांचे गव्हाचे मैदान होते. आपल्या चित्रातले शेत तेच.

आता आपण चित्र बाजूला न ठेवता फ्रान्समधून आपल्या देशात येऊ. छत्तीसगडमध्ये, रायपूरहून जगदलपूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे सुमारे २८ किलोमीटर गेले की अभनपूर लागते. मुंबई-हावडा लोहमार्गाने रायपूर आपणांपैकी पुष्कळांच्या वाटेवर येते. अभनपूर येत नाही. रायपूरहून धमतरीला जाणारी अरुंद मापाची लहान आगगाडी एके काळी येथून जात असे आणि येथूनच तिचा एक फाटा राजिमकडे वळे. ती गाडी आता इतिहासजमा झाली. परंतु शिवार तेच आहे. दूरवर सपाट भातखाचरे, मध्ये लहान बांध, कोठे तळे, कोठे बाभळीची रांग. कार्तिक-मार्गशीर्षात भात कापून खळ्यावर गेले की या खाचरांत कापलेल्या भाताचे खुंट तेवढे उरतात, आणि मग बाया व मुले हातात टोपली घेऊन वाकून चालू लागतात. पडलेल्या लोंबीला तेथे ‘सिला’ म्हणतात, आणि ती वेचण्याला ‘सिला बिनना’. एखाद्या संध्याकाळी बांधावर उभे राहून तुम्ही हे पाहिले, तर मिलेचे चित्र आणि रूथचा दुसरा अध्याय या दोहोंना तुम्हांला टीपेची गरज पडणार नाही. कापणीचे यंत्र जेथे जेथे आले तेथे मात्र हे दृश्य विरळ होत चालले आहे. यंत्र एकाच फेरीत कापते, मळते आणि दाणा पोटात घेते. अखंड लोंबी मागे पडावी अशी त्याची चाल नाही.

हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्याशी तो जोडलेला होता, आणि रायपूर-बिलासपूरकडे तेव्हापासून मराठी घराणी नांदत आहेत. ख्रिस्ती मराठी वाचकाला तर नागपूर-राजनांदगावची वाट आपल्या घरचीच वाटावी. रेव्हरंड ना. वा. टिळक नोकरीनिमित्त राजनांदगावला निघाले असता आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी संभाषण केले आणि त्यांच्या हाती नवा करार दिला. पुढे १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. अभनपूरच्या पलीकडे धमतरीला अमेरिकन मेनोनाइट मिशनऱ्यांनी १८९९ मध्ये काम आरंभिले ते दुष्काळाच्या तोंडावर. त्याआधीच्या, म्हणजे १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली व विधवा यांना घेऊन आल्या. म्हणून रूथच्या पुस्तकाचे पहिले वाक्य, देशात दुष्काळ पडला आणि एक कुटुंब परदेशी निघाले, हे या भागातील मंडळ्यांना केवळ प्रस्तावना वाटत नाही. आजही छत्तीसगडची कुटुंबे हंगाम सरला की वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर परराज्यांत जातात. नागपूरच्या वाचकाने आपल्या गल्लीतील नव्या इमारतीच्या पायाशी कोणाची झोपडी आहे, तेथे कोणती भाषा बोलली जाते, हे कान देऊन ऐकावे.

आता शास्त्राकडे वळू. सरव्याचा नियम तीन ठिकाणी आला आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे वेगळे अंग दिसते. लेवीय १९ मध्ये शेताचे कोपरे कापू नयेत, सरवा वेचू नये, द्राक्षमळ्यातील पडलेली द्राक्षे उचलू नयेत. ते गरीब व उपरी यांच्यासाठी राहू द्यावे, असे सांगितले आहे. हा तोच अध्याय ज्यात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे (१९:१८), आणि कोपऱ्याची आज्ञा प्रीतीच्या आज्ञेच्या आधी आली आहे. लेवीय २३ मध्ये हा नियम आपल्याला चकित करतो, कारण तो अध्याय सणांचा आहे. वल्हांडण, प्रथमउत्पन्न, सप्ताहांचा सण, अर्पणांची तपशीलवार यादी, आणि अचानक २२ व्या वचनात पुन्हा कोपरे आणि सरवा! वाचकाला वाटते, नकलनिसाची जागा चुकली काय? जागा चुकलेली नाही. वेदीवर जे आणावयाचे आणि शेतात जे सोडावयाचे, ती एकाच उपासनेची दोन अंगे आहेत. यहुदी लोक सप्ताहांच्या सणात रूथचे पुस्तक वाचतात, यातील मर्म येथे उलगडते.

अनुवाद २४ आणखी एक पाऊल पुढे जातो. शेतात पेंढी विसरून राहिली तर ती आणावयास परत जाऊ नये. जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर पुन्हा फांद्या धुंडाळू नयेत. आणि कारण काय दिले? गरिबाची कीव येते म्हणून, असे नाही. तू मिसर देशात दास होतास याचे स्मरण ठेव, असे कारण दिले आहे. मालकाने गरिबाकडे पाहण्याआधी स्वतःच्या पाठीकडे पाहावे.

पुढे यहुदी शास्त्र्यांनी या आज्ञांची बारीक चर्चा केली. मिश्नामध्ये ‘पेआ’ म्हणजे कोपरा या नावाचे एक प्रकरणच आहे. कोपरा निदान साठावा हिस्सा असावा, असे तेथे म्हटले आहे. कापताना एक किंवा दोन कणसे हातून निसटली तर ती गरिबांची. तीन एकत्र पडली तर मालकाची, असे हिल्लेलच्या पंथाचे मत. कोपऱ्यातील पीक गरिबांनी विळ्याने कापू नये, कारण घाईगर्दीत ते एकमेकांना इजा करतील, अशीही एक सूचना आहे. ही बारकाई वाचून आपण हसू नये. गरिबाला सोडून दिलेल्या जागी किती झुंबड उडते, हे लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिले असले पाहिजे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नियमशास्त्राने सरव्याला भिक्षा म्हटलेले नाही. मालकाने कोपरा ‘द्यावा’ असे नाही. त्याने तो कापू नये, असे आहे. जे त्याने कापलेच नाही ते त्याच्या हातून कोणाला मिळाले असे होत नाही. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, आभार मानावे लागत नाहीत, कोणापुढे रांगेत उभे राहावे लागत नाही. कष्ट मात्र स्वतःचे करावे लागतात. आपल्या मंडळ्यांतील नाताळचे धान्यवाटप आठवा. एका ठिकाणी मी स्वतः उपस्थित होतो. नावे पुकारली जात होती, छायाचित्र काढणारा उभा होता, आणि यादीतील एक वृद्ध बाई नाव दोनदा पुकारले तरी जागची उठली नाही. नंतर मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला ऐकू आलं होतं.” त्या दिवशी मला लेवीय १९ चा अर्थ जितका समजला तितका कोणत्याही टीकाग्रंथाने समजावला नव्हता.

आता रूथ २. या एका अध्यायात वेचणे या अर्थाचे इब्री क्रियापद बारा वेळा आले आहे. जणू लेखकही कथेत वाकवाकून तो शब्द उचलतो आहे. रूथ नियमानेच हक्कदार आहे : ती गरीब आहे, विधवा आहे, उपरी आहे. तरी दुसऱ्या वचनात ती सासूला काय म्हणते? ज्याची माझ्यावर कृपादृष्टी होईल त्याच्या मागून मी वेचीन. म्हणजे कागदावर हक्क आणि शिवारात कृपा, हे तेव्हाही खरे होते. नवव्या वचनात बवाज गड्यांना ताकीद देतो की तिला हात लावू नका. बावीसाव्या वचनात नामी म्हणते, दुसऱ्या शेतात तुला कोणी गाठू नये. एकट्या परदेशी तरुण बाईला पीक निघालेल्या शेतात कशाचे भय असते, हे पवित्र शास्त्राने झाकून ठेवलेले नाही. आपणच रूथची गोष्ट शब्बाथशाळेत सांगताना हा भाग गाळतो.

मग बवाज येतो, आणि नियमाच्या मापापलीकडे जातो. तो तिला पाणी पिण्यास मोकळीक देतो. दहाव्या वचनात ती विचारते, मी परकी असताना तुम्ही माझी ओळख का धरली? इब्रीत ‘ओळख धरणे’ आणि ‘परकी’ हे दोन शब्द उच्चाराने इतके जवळचे आहेत की तिच्या तोंडून ते एका कोड्यासारखे निघतात. जेवणाच्या वेळी तो तिला कापणाऱ्यांच्या शेजारी बसवितो आणि स्वतः हुरडा देतो. ती पोटभर जेवते आणि काही उरविते, आणि ते उरलेले संध्याकाळी नामीसाठी नेते (२:१४, १८). येथे एका ताटातूनही सरवा निघतो. बाराव्या वचनात बवाज तिच्याविषयी म्हणतो की ती इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आली आहे. तिसऱ्या अध्यायात हीच रूथ त्याला आपला पदर माझ्यावर पसरा असे म्हणते (३:९), आणि मूळ भाषेत पंख व पदर यांना एकच शब्द आहे. केलेली प्रार्थना फिरून प्रार्थना करणाऱ्याच्याच अंगणात आली.

आता चित्राशी तुलना करू या; हा पाठ मला ज्याकरिता लिहावासा वाटला तो मुद्दा येथे आहे. मिलेच्या फ्रान्समध्येही सरव्याचा हक्क जुना होता. १५५४ च्या राजाज्ञेने तो वृद्ध, अपंग व लहान मुले यांना दिला होता. पण १८१० च्या दंडसंहितेत एक कलम होते : शेत पूर्णपणे रिकामे होण्यापूर्वी, किंवा सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर सरवा वेचणाऱ्यास दंड. म्हणूनच चित्रातील तीन स्त्रिया गंजींपासून इतक्या दूर आहेत. पीक, गाड्या, कापणारे, सारे तिकडे क्षितिजाशी. आणि या तिघी इकडे, रिकाम्या जमिनीवर. मधले अंतर हेच चित्राचे मर्म आहे. मिलेने १८५७ साली याच विषयाचे मोठे रंगचित्र पूर्ण केले. त्यात दूर उजवीकडे घोड्यावर बसलेला एक देखरेख करणारा माणूस आहे. लहानसा, सहज नजरेतून सुटणारा. पण तो एकदा दिसला की चित्राची शांतता पूर्वीसारखी राहत नाही.

बवाजाने त्या दंडसंहितेच्या नेमके उलट केले. पंधराव्या वचनात तो म्हणतो, तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या. म्हणजे शेत रिकामे होण्याची वाट पाहावयास लावू नका. तिला पिकाजवळ येऊ द्या. रूथच्या दुसऱ्या अध्यायात अंतर वचनावचनाला कमी होत जाते. ती प्रथम कापणाऱ्यांच्या मागे आहे, नंतर दासींच्या सोबत, मग जेवणाच्या जागी त्यांच्या शेजारी, आणि शेवटी पेंढ्यांच्या मध्ये.

मिलेला हे ठाऊक होते. १८५३ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने एक मोठे चित्र मांडले होते : गंजीच्या सावलीत कापणारे जेवावयास बसले आहेत आणि एक पुरुष एका संकोचलेल्या सरवा वेचणाऱ्या स्त्रीला त्यांच्यापाशी घेऊन येत आहे. चित्र काढावयास घेतले तेव्हा त्याच्या मनात रूथ आणि बवाज होते. नंतर नाव बदलून कापणाऱ्यांचे जेवण असे झाले. त्या चित्राला पदक मिळाले. आज ते अमेरिकेत बोस्टन येथील संग्रहालयात आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आपले अम्लरेखन आले, आणि त्यातून बवाज नाहीसा झाला. जेवण नाहीसे झाले. हात धरून जवळ आणणारा कोणी राहिला नाही. राहिल्या तीन वाकलेल्या स्त्रिया. मिलेने याचे स्पष्टीकरण दिले पाहिजे असे नाही. त्याने शायीच्या मैदानावर जे पाहिले ते काढले, आणि तेथे त्याला बवाज दिसला नसावा.

१८५७ च्या प्रदर्शनात या स्त्रियांमुळे पॅरिसचे काही टीकाकार अस्वस्थ झाले. एकाला त्यांच्यामागे १७९३ च्या क्रांतीतील वधस्तंभ दिसू लागले. दुसऱ्याने त्यांना दारिद्र्याच्या तीन भाग्यदेवता म्हटले. तीन बायका जमिनीवरचे कण उचलीत आहेत आणि शहरातील सुखवस्तू माणसाला बंडाची चाहूल लागते! आज तेच चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि त्याच्या प्रती दिनदर्शिकांवर छापल्या जातात. आपल्यापैकी काहींच्या दिवाणखान्यातही ती असेल, कारण ते चित्र ‘शांत’ वाटते. भिंतीवर लावण्याआधी त्यातील पाठी पाहाव्यात.

येथे आपणा मराठी ख्रिस्ती लोकांना एक अवघड प्रश्न विचारावा लागतो. अहमदनगर जिल्ह्यात आणि भोवतालच्या मुलुखात एकोणिसाव्या शतकात जी मंडळी ख्रिस्ताकडे आली, त्यांतील बहुतेक महार व मांग समाजातील होती. खळ्यावर धान्य मळले जात असताना काठावर उभे राहून बलुत्याची वाट पाहणारे आपले पणजोबा होते. बलुते हाही हक्कच होता. पण तो ज्या रीतीने पदरात टाकला जाई त्यात हक्काचा मान नव्हता, विटाळाची भीती होती. नियमशास्त्रातील सरवा आणि गावगाड्यातील बलुते यांत हाच भेद आहे, आणि तो जाणण्यास आपल्याहून अधिक योग्य वाचक जगात थोडे असतील. मिसरातील दास्य स्मरा, ही आज्ञा आपल्याला रूपक म्हणून वाचण्याची गरज नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वीचे आपले घर आठवले की पुरे.

मग आज चित्रात आपण कोठे आहोत? शिक्षण झाले, नोकऱ्या लागल्या, काहींनी जमिनी घेतल्या. वाकलेल्या तिघींत आपण आता नाही. निदान आपल्यातील पुष्कळजण नाहीत. बवाजाच्या जागी उभे आहोत असे आपल्याला वाटते. मला भीती वाटते की आपण घोड्यावर बसलेलो आहोत. हा माणूस दुष्ट नाही. तो कोणाला मारीत नाही, शिवीगाळ करीत नाही. सरवा वेळेत आणि नियमाने वेचला जावा एवढेच तो पाहतो. आमच्या समित्या, आमच्या याद्या, पात्र आणि अपात्र यांची आमची छाननी, ही सारी घोड्यावरून केलेली पाहणी आहे. रूथ २:५-६ मध्येही कापणाऱ्यांवर देखरेख करणारा एक चाकर आहे. बवाज विचारतो, ही कोणाची? तो उत्तर देतो, नामीबरोबर मवाबातून आलेली मवाबी. त्याच्या उत्तरात खोटे काही नाही. परंतु त्याने तिचे नाव सांगितले नाही, आणि तिचा परदेश मात्र एका वाक्यात दोनदा सांगितला.

ज्यांच्यापाशी शेत नाही त्यांचा कोपरा कोणता, असे कोणी विचारील. प्रत्येकाने आपापल्या उत्पन्नाकडे पाहून ते ठरवावे. मी पगाराचे हिस्से मोजून देणार नाही. पण माप करण्याआधी एक भेद ओळखावा. काही दान असे असते की ते आधी पूर्ण कापून, घरी आणून, मोजून, मग त्यातून काढलेले असते. सरवा तसा नाही. तो मुळातच न कापलेला असतो. भांडी घासणाऱ्या बाईच्या सुटीचे पैसे न कापणे, भाजी विकणारीशी शेवटच्या रुपयासाठी घासाघीस न करणे, शेतमजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देणे (अनुवाद २४:१५) या गोष्टी दानार्पणाच्या पावतीपुस्तकात येत नाहीत. छत्तीसगडमध्ये पौष पौर्णिमेला छेरछेरा नावाचा सण असतो. नवे धान घरात आलेले असते. मुले, तरुण, वयस्कही दारोदार जाऊन ते मागतात आणि प्रत्येक घर ओंजळभर धान देते. त्या दिवशी मागणे कमीपणाचे मानीत नाहीत, कारण ज्याच्या घरी कोठी भरलेली आहे त्याची मुलेही मागावयास निघतात. हा सण ख्रिस्ती नाही, हे मला ठाऊक आहे. तरी अभनपूरच्या एखाद्या ख्रिस्ती घराने त्या दिवशी दार लोटून घेतले, तर लेवीय २३:२२ ची बाजू घेऊन मी त्या घराशी वाद घालीन.

अध्यायाच्या शेवटाकडे एक हिशेब दिला आहे, तो पाहू. संध्याकाळी रूथने वेचलेले झोडले तेव्हा सुमारे एक एफा जव भरला. एफा म्हणजे आजच्या मापाने साधारण २२ लिटर. वजनात बारा-तेरा किलो. निर्गम १६ वरून दुसरेही माप लावता येते : रानात प्रत्येक माणसाला दिवसाचा मान्ना एक ओमर मिळे, आणि ओमर हा एफाचा दहावा भाग (१६:१६, ३६). म्हणजे एका दिवसाच्या सरव्यात दोघी विधवांचे पाच दिवस भागले. सरवा वेचून एवढे मिळत नसते, हे नामीला कळते. म्हणूनच ती लगेच विचारते, आज कोठे वेचलेस? तुझी ओळख धरणारा आशीर्वादित असो!

हे एवढे कोठून आले, ते सोळाव्या वचनात आहे. बवाजाने गड्यांना सांगितले होते की तिच्यासाठी पेंढ्यांतून काही मुद्दाम काढून टाका, ती वेचील. तिला धमकावू नका. हे त्याने केव्हा सांगितले? ती जेवून उठून वेचावयास गेली तेव्हा (२:१५). तिला नव्हे, गड्यांना. रूथ घरी येऊन नामीला बवाजाचे नाव सांगते, त्याने आपल्या गड्यांच्या जवळ राहावयास सांगितले हेही सांगते. मुद्दाम टाकलेल्या कणसांविषयी ती एक शब्दही बोलत नाही. चार अध्यायांत पुढे कोठेही तो विषय निघत नाही. त्या एफाभर जवात हातून निसटलेले किती आणि सोडलेले किती, ते कापणाऱ्या गड्यांना ठाऊक होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा शेतात आली, तेव्हा तेही आपले विळे घेऊन मुकाट्याने कामाला लागले.